नोकरी गेली, विमा होता

चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, तळोजा, कुठल्याही एमआयडीसीतल्या कामगाराची पगाराची स्लिप पाहिली, तर पीएफच्या खाली 'ईएसआय' नावाची एक किरकोळ कपात दिसते. १५ हजार पगार असेल तर ११३ रुपये. मालक आपल्या बाजूने ४८८ रुपये घालतो. हे पैसे कशाचे, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: दवाखान्याचे. आजारपणाचे पैसे मिळतात, बाईमाणसाला बाळंतपणाची रजा मिळते, अपघात झाला तर भरपाई मिळते, एवढंही पुष्कळांना माहीत असतं. पण याच कपातीतून बेकारीचाही विमा उतरवलेला आहे आणि नोकरी गेली तर काही दिवसांचं निम्मं वेतन मागण्याचा मार्ग आहे, ही गोष्ट कारखान्याच्या गेटपर्यंत फारशी पोचलेलीच नाही. ज्यांच्यापर्यंत पोचते, त्यातले बरेच जण अर्ज करताना मध्येच अडकतात आणि नाद सोडून देतात. म्हणून अडकण्याच्या जागा नेमक्या कोणत्या, ते सविस्तर सांगायला हवं.

आधी थोडी पूर्वपीठिका. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा सरकारला दिला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपुरात आणि मुंबईत आली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण यंत्रणा तीच आहे. सुरुवातीच्या योजनेत आजार, बाळंतपण, अपघात, मृत्यू हे सगळं होतं. बेकारी मात्र नव्हती. ती यायला अर्धशतक लागलं. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. दोन्ही कर्मचारी राज्य विमा महामंडळच चालवतं. दोन्हींच्या अटी मात्र वेगळ्या आहेत आणि पहिली गल्लत इथेच होते.

अटल योजनेचं साधं रूप असं: नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच, रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम. सुरुवातीला हे प्रमाण २५ टक्के होतं आणि नोकरी जाऊन ९० दिवस झाल्याशिवाय पैसे मिळत नसत. तीन महिने घर कशावर चालवायचं, याचा विचारच त्यात नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत लाखोंचं काम गेलं तेव्हा प्रमाण ५० टक्के झालं आणि थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आला. दावा मालकामार्फत पाठवण्याची अटही तेव्हाच गेली आणि कामगार स्वतः शाखा कार्यालयात तो देऊ लागला. प्रतिज्ञापत्राचा आग्रहही पुढे सोडण्यात आला. हे बदल खरोखर मोलाचे होते. योजना मात्र आजही मुदतवाढीवर चालते, त्यामुळे अर्ज करण्याआधी शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

पात्रतेचा हिशेब सहामाहीवर आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा वर्गणीच्या दोन सहामाही असतात. नोकरी जाण्याच्या लगत आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाहींपैकी कुठल्याही एकीत आणखी किमान ७८ दिवसांची. शिवाय विमाकक्षेतली नोकरी दोन वर्षांची हवी. ७८ दिवस म्हणजे सहा महिन्यांत महिन्याला तेरा. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला ही अट जड नाही.

रक्कम किती मिळणार, याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. माणूस १५ हजारांचे निम्मे साडेसात हजार धरतो आणि त्याला तीनने गुणतो. महामंडळाचा हिशेब वेगळा आहे. मागच्या चार सहामाहींतली एकूण कमाई घ्यायची आणि तिला ७३० ने भागायचं, म्हणजे दोन वर्षांच्या सगळ्या दिवसांनी, मग प्रत्यक्ष काम कितीही दिवस मिळालेलं असो. पूर्ण २४ महिने १५ हजारांनी काम केलं असेल, तर कमाई ३,६०,०००, रोजची सरासरी ४९३ रुपये, निम्मे २४६ आणि ९० दिवसांचे सुमारे २२,२०० रुपये. पण याच कामगाराला दोन वर्षांत १४ महिनेच काम मिळालं असेल, तर कमाई होते २,१०,०००. सरासरी २८८ रुपयांवर येते आणि हातात पडतात सुमारे १२,९५० रुपये. ज्याचं काम आधीच तुटक होतं त्याचा भत्ताही तुटपुंजा होतो. ही रीत मला अन्यायाची वाटते, कारण आधाराची गरज त्यालाच अधिक असते. पण दावा करणाऱ्याने हे आधीच समजून घेतलेलं बरं. नाहीतर खात्यात कमी पैसे आले की वाटेत कोणीतरी खाल्ले असं वाटतं आणि भांडण चुकीच्या खिडकीवर सुरू होतं.

आता मुख्य अडचण. दावा कामगार करतो, पण तो खरा की खोटा हे ठरतं मालकाने भरलेल्या नोंदीवरून.

दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकाला मागच्या महिन्याची वर्गणी ऑनलाइन भरावी लागते. त्यासाठी एक तक्ता असतो. त्यात कामगाराचा दहा आकडी विमा क्रमांक, नाव, किती दिवसांचं वेतन दिलं आणि एकूण वेतन किती, हे असतं. मग आणखी दोन रकाने येतात. दिवस शून्य असतील तर कारणाचा आकडा आणि कामाचा शेवटचा दिवस. कारणांचे आकडे ठरलेले आहेत. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ विमाकक्षेबाहेर गेला, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगारकपात, ११ काम नाही. कारण द्यायचंच नसेल तर ०.

कामगाराला हा तक्ता कधी दिसत नाही. तो भरतो अकाउंटमधला किंवा कन्सल्टंटच्या ऑफिसमधला एखादा मुलगा. त्याच्यापुढे पंधरा तारखेच्या आत पन्नास कंपन्यांचे तक्ते असतात. काम संपलेल्या माणसापुढे तो सवयीने २ टाकतो. कधी १ टाकतो, कारण पुढच्या महिन्यात माणूस परत घ्यायचा असेल तर नाव यादीत राहिलेलं सोयीचं. कधी ० टाकून पुढे जातो. या एका आकड्याचे परिणाम फार लांबवर जातात. १ असेल तर शाखा कार्यालयाच्या दृष्टीने माणूस अजून नोकरीवरच आहे, बेकार झालेलाच नाही. २ असेल तर स्वतःहून सोडली की काढलं, हा प्रश्न उभा राहतो आणि स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता नाही. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यालाही तो नाही. टाळेबंदीच्या काळातही नाही. मालकानेच गेटला कुलूप घातलेलं असतं, कामगाराचा काही दोष नसतो, तरी त्या काळात भत्ता मिळत नाही. हा नियम बदलायला हवा.

म्हणून नोकरी जाताना काय लिहून घेतलं जातं, याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत अशी की माणूस कमी करायचा ठरला की एचआरमध्ये बोलावतात, एक छापील कागद पुढे करतात आणि 'सही कर, म्हणजे फुल अँड फायनल लवकर निघेल' म्हणतात. कागदावर लिहिलेलं असतं: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. पैशांची निकड असते, माणूस सही करतो. त्या सहीने कपातीची भरपाई जाते, म्हणजे कायद्याप्रमाणे दर पूर्ण वर्षामागे मिळणारं १५ दिवसांचं वेतन. बेकारी भत्त्याच्या दाव्यालाही तोच कागद आडवा येतो. सही करणं टाळता येत असेल तर टाळावं. तेवढी ताकद नसेल, तर निदान त्याच दिवशी मालकाला एक साधा ईमेल किंवा रजिस्टर्ड पत्र पाठवावं: अमुक तारखेपासून काम नाही असं सांगून मला कमी केलं आहे, मी स्वतःहून काम सोडलेलं नाही. चार ओळी पुरतात. सुपरवायझरचा 'उद्यापासून येऊ नको' असा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो पुसू नये. गेटवर लागलेल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवावा. पोर्टलवर मालकाने काहीही भरलेलं असलं, तरी शाखा व्यवस्थापकापुढे ठेवायला आपल्या हातात एक तारखेचा कागद राहतो.

कंत्राटी कामगारांचं दुखणं याहून खोल आहे. सहा-सात महिने झाले की ठेकेदार 'ब्रेक' देतो. महिन्याभराने त्याच मशीनवर तोच माणूस दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने उभा राहतो. खरं तर विमा क्रमांक जन्मभर एकच असायला हवा, नव्या मालकाने जुना क्रमांक विचारून तोच पुढे चालवायचा असतो. प्रत्यक्षात नवा क्रमांक काढणं सोपं पडतं, म्हणून नवाच काढला जातो. पाच वर्षं सलग राबलेल्या माणसाच्या नावावर मग तीन-चार क्रमांक निघतात आणि वर्गणी त्यांत विखुरते. एका क्रमांकावर पाहिलं तर दोन वर्षं भरत नाहीत आणि दावा नाकारला जातो. सगळे क्रमांक एकत्र ठेवले तर तोच माणूस पात्र ठरतो. यावर इलाज आहे, पण तो नोकरी असतानाच केलेला बरा. मिळालेली सगळी पहचान कार्डं, आधार आणि जुन्या पगाराच्या स्लिपा घेऊन शाखा कार्यालयात जायचं आणि क्रमांक एकाखाली आणण्याचा लेखी अर्ज द्यायचा. ठेकेदार बदलला की पहिल्याच दिवशी जुना क्रमांक त्याच्या हातात द्यायचा. ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही, तर जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्या कंपनीत काम चालतं तिची, हेही विसरू नये. ती भरण्याचं कर्तव्य आधी तिचं आहे, नंतर तिने ठेकेदाराकडून वसूल करावं.

वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे कामगाराला स्वतः पाहता येतं. विमा क्रमांक आणि मोबाईल वापरून महामंडळाच्या पोर्टलवर गेलं की महिन्यागणिक दिवस आणि वेतन दिसतं. स्लिपवर २६ दिवस आणि पोर्टलवर १२ असतील, तर काहीतरी गडबड आहे. दर तीन महिन्यांनी हे पाहून स्क्रीनशॉट काढून ठेवणं ही मी या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना समजतो, कारण नोकरी गेल्यावर मालक फोन उचलत नाही. पगारातून पैसे कापून ते न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. मालकाने वर्गणी थकवल्यामुळे कामगाराचा कायद्यातला एखादा लाभ बुडत असेल, तर महामंडळ तो लाभ आधी कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. 'मालकाने भरलं नाही, आम्ही काय करणार' हे उत्तर म्हणूनच शेवटचं मानू नये. अशी तक्रार प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे, स्लिपांच्या प्रती जोडून, लेखी द्यावी.

पात्रता आहे, नोंदी ठीक आहेत, तरी पैसे येत नाहीत, असंही होतं. तेव्हा बहुधा दोष नावात किंवा खात्यात असतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. आधारवर तिन्ही असतात, विम्यात दोनच आणि बँकेत आडनाव आधी. लग्न झालेल्या मुलीचं आधार सासरच्या नावाने होतं, विमा माहेरच्या नावाने राहतो. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहिताना तर दर कारकुनाचं स्पेलिंग वेगळं. यंत्राला हे सगळे वेगळे लोक वाटतात. दावा करायच्या आधी आधार, विमा आणि पासबुक ही तीन नावं समोरासमोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावीत. फरक असेल तर आधी दुरुस्ती आणि मग दावा. उलट क्रमाने केलं तर महिने जातात.

खात्याची गोष्ट अशीच. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, वर्षभरानंतर सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. खातं चालू असतं, पण जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बदललेला असतो आणि विम्याच्या नोंदीत तो जुनाच राहतो. पैसे निघतात आणि परत फिरतात. बँकेत जाऊन नव्या कोडचं पासबुक छापून घ्यायला अर्धा तास लागतो. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं निष्क्रिय झालेलं असेल, तर तेही त्याच फेरीत चालू करून घ्यावं.

दावा भरायचा तो नोकरी जाऊन तीस दिवस उलटल्यावर, पोर्टलवर. भरलेल्या अर्जाची छापील प्रत सही करून, आधार आणि पासबुकाच्या प्रतींसह, आपल्या शाखा कार्यालयात द्यायची किंवा टपालाने पाठवायची. टपालाची सोय फार कामाची आहे, कारण काम गेलेला माणूस शहरात खोलीचं भाडं भरत बसत नाही. तो बीडला, नांदेडला, जळगावला आपल्या गावी जातो आणि त्याचं शाखा कार्यालय भोसरीत राहतं. स्पीड पोस्टने पाठवावं आणि पावती जपून ठेवावी. स्वतः नेऊन दिलं तर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ज्या काळाचा भत्ता घेता त्या काळात दुसरीकडे काम करत असाल, तर ते लपवू नका. नव्या मालकाने वर्गणी भरली की ते पोर्टलवर दिसतंच. खोट्या दाव्याने पुढचा हक्क जातो. भत्ता चालू असेपर्यंत दवाखान्याची सोय मात्र कायम राहते. ज्यांच्या घरी मधुमेहाचं किंवा डायलिसिसचं माणूस आहे, त्यांना ती पैशांपेक्षाही मोठी ठरते.

काही जण अटल योजनेचा अर्ज भरून मोकळे होतात आणि मोठा हक्क हातचा जातो. कारखाना बंद पडला असेल, कायदेशीर कामगारकपात झाली असेल किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं असेल, तर राजीव गांधी योजना लागू होते. दोन वर्षांची वर्गणी हवी. मग पहिले १२ महिने निम्मं वेतन आणि पुढचे १२ महिने पाव वेतन मिळतं. १५ हजारवाल्याला वर्षभर महिन्याला साधारण साडेसात हजार. एका कुटुंबाची मुलं शाळेत टिकतील एवढा हा आधार आहे. अडचण एवढीच की बंद किंवा कपातीचा पुरावा लागतो आणि लहान वर्कशॉपवाले नोटीस न देता शटर ओढून निघून जातात. अशा वेळी सगळ्या कामगारांनी मिळून लगेच कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तिथे नोंदलेली तारीख पुढे पुरावा म्हणून उभी करता येते. दोन्ही भत्ते एकाच काळात मिळत नाहीत, म्हणून अर्ज करण्याआधी आपण कुठल्या योजनेत बसतो, ते शाखा कार्यालयात विचारून ठरवावं.

पगार २१ हजारांच्या पुढे गेला की माणूस चालू सहामाही संपताच विम्याबाहेर पडतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तशीच आहे, आणि तेव्हापासून किती महागाई वाढली ते वेगळं सांगायला नको. पाचशे रुपयांच्या वाढीने दवाखाना जातो आणि बेकारीचं छत्रही जातं. साखर कारखान्यांसारखे हंगामी कारखाने कक्षेबाहेर आहेत. ऊसतोड मजूर, घरकाम करणाऱ्या बाया यांना हा विमा नाहीच. वर्षातले कित्येक महिने बिनकामाचे जाणारी माणसं हीच आहेत.

दावा नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. नकार आणि त्याचं कारण लेखी मागावं. कारण नोंदीतल्या चुकीचं असेल, तर ती चूक दाखवणारे कागद जोडून पुन्हा अर्ज करता येतो. शाखा ऐकत नसेल तर प्रादेशिक कार्यालय आहे. महामंडळ 'सुविधा समागम' नावाने तक्रारी ऐकण्याचे दिवस ठेवतं, तिथे अधिकाऱ्यासमोर उभं राहता येतं. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद करता येते आणि माहितीच्या अधिकारात आपल्याच फाईलची प्रत मागता येते. कायद्यातल्या लाभांचे आणि वर्गणीचे वाद ऐकायला कर्मचारी विमा न्यायालय असतं. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, या धास्तीने तिथवर कोणी जात नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साध्या कागदावर अर्ज देता येतो.